विहीणबाईंचा पत्ता

अबू हलीफा, कुवेत
शुक्रवार, २५ जुलै २०२५

चि. उत्पला,

सप्रेम जयभीम.

फोन करू नका, बोलायला लागलो की आपण भांडतो, काय ते लिहा, असं तूच म्हणाली होतीस. म्हणून लिहितो. मी कागदावर लिहायचं, तुझ्या भावाने, अभिजीतने, फोटो काढून तुला पाठवायचा, आणि मग मी त्याच्या फोनवर त्या दोन रेघा निळ्या व्हायची वाट बघत बसायचं, असं चाललंय. निळ्या होतात. म्हणजे वाचतेस. उत्तर देत नाहीस ते असो. वाचतेस, तेवढ्यावर बापाचं भागतं.

काल सूनबाई, सुरुची, ड्यूटीवरून आली ती बातमी घेऊनच. पायातला बूटसुद्धा काढला नाही. म्हणाली, "बाबा, थायलंड-कंबोडिया सीमेवर तोफा सुटल्यात. ते सामरोंग म्हणजे आपल्या उत्पलाताईंचंच ना?" मी म्हटलं, त्याच्याही पुढे, सीमेकडे. तिने एसीचा रिमोट माझ्या हातातून घेतला आणि मला बसवलं. बाहेर पन्नास डिग्री, आणि माझे हात गार.

मग जावईबापूंनी अभिजीतला फोन केला. गाव रिकामं होतंय, रस्त्यावर ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर, त्यांवर गाद्या, कोंबड्या, म्हाताऱ्या. आणि ह्या सगळ्यात आपल्या विहीणबाई घराचा जिना उतरायला तयार नाहीत, आणि तू त्यांना सोडून निघायला तयार नाहीस. मालिस सिएम रीपला वसतिगृहात आहे, नातीचा घोर नाही, हे एक बरं. विबोलराव म्हणाले, "दादा, दोघींच्या पाया पडलो. दोघी दगड." औरंगाबादला शिकायला होते तेव्हाचं त्यांचं मराठी अजून शाबूत आहे, फक्त रडताना 'ळ' येत नाही.

विहीणबाई का हलत नाहीत ते मला ठाऊक आहे, असं मी समजतो. तुझं लग्न ठरलं तेव्हा त्या देशाबद्दल मला काय माहीत होतं? धम्म परिषदेच्या कॅलेंडरवर अंगकोरचा फोटो होता, तेवढंच. सातवी शिकलेला माणूस मी. प्लास्टर रूममध्ये लोकांचे हातपाय बांधण्यात जन्म गेला. पण लेक दिली की घर बघावं लागतं, आणि एवढ्या लांब दिली की अख्खा देशच बघावा लागतो. म्हणून इंग्रजी पुस्तकं आणि डिक्शनरी घेऊन बसलो. सत्तर साली राजाला घालवलं आणि लष्करातल्यांनी राज्य घेतलं. वरून अमेरिकेची विमानं, खाली भाताच्या शेतात बॉम्ब. मग पंच्याहत्तरच्या एप्रिलात पोल पोटची काळ्या कपड्यांतली पोरं नोम पेन्हमध्ये शिरली. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, संपली एकदाची लढाई म्हणून. आणि त्याच दिवशी त्या पोरांनी अख्ख्या शहराला सांगितलं, बाहेर चला, विमानं येणार आहेत, तीन दिवसांत परत याल.

विहीणबाईंच्या चुलीवर भात होता. तो तसाच ठेवून, नवरा आणि दोन लेकरं घेऊन त्या निघाल्या. त्या तीन दिवसांची पुढे जवळजवळ चार वर्षं झाली.

तेव्हा आता कुणी लाउडस्पीकरवरून 'थोडे दिवस बाहेर चला' म्हटलं तर त्यांनी का ऐकावं? दुधाने तोंड पोळलेलं आहे. पण त्यांना एवढं सांग, की तुमच्या व्याह्यानेसुद्धा असंच घर सोडलंय. नव्वदच्या ऑगस्टात इराकचे रणगाडे कुवेतमध्ये आले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. तुझ्या आईने मटकी भिजत घातली होती. बसने बगदाद, तिथून अम्मान, वाळवंटातल्या तंबूत तुला गोवर. विमान मिळालं, मुंबईला उतरलो. पुढे परत आलोच की. मटकी तेवढी गेली.

बयाण्णवला दार उघडलं तेव्हा तुझी आई आधी स्वयंपाकघरात गेली आणि त्या पातेल्याकडे बघून म्हणाली, "बरं झालं गेलो. हे खाऊन मेलोच असतो." हे विहीणबाईंना सांग. त्यांना हसू येईल. हसल्या की धर हात आणि उतरव खाली.

दोन्ही देशांत कोण खरं कोण खोटं ते मला विचारू नकोस, आणि तिथलं राजकारण कागदावर लिहू नका असं तू मागे बजावलं होतंस, तेही लक्षात आहे. मला एवढंच दिसतं की ज्या देशाच्या निर्वासित छावणीत माझा जावई रांगायला शिकला, त्याच बाजूने आता गोळे येतायत. तोफेला ओळखदेख नसते.

उत्पला, निघ ग बाई.

तुझा,
बाबा


रविवार, २७ जुलै

चि. उत्पला,

तुझी एक ओळ आली. चार वर्षांतली पहिली. अभिजीतने वाचून दाखवली, मग मी फोन मागून घेऊन स्वतः वाचली. "तीन दिवसांचं नाही ते बाबा. ती तिच्या मेलेल्या माणसांसाठी थांबलीय. ती हलली तर ती माणसं तिला शोधणार कुठे?"

मी इतकी पुस्तकं चाळली, पण हे काही मला त्यात सापडलं नव्हतं.

मग रात्रभर पडल्या पडल्या जोडत बसलो. नोम पेन्हहून निघाल्यावर त्यांना एका जागी कुणी ठेवलंच नाही. इथून उचल, तिथे टाक, कालवा खणा, बांध घाला. विहार बंद, भिक्खूंची चीवरं उतरवलेली. पैसा बंद, घरातली चूल बंद, सगळ्यांनी एका कढईतली पेज प्यायची. लेक एका गावात तापाने गेली, लेक पुरून होईतो ह्यांना दुसरीकडे हलवलं. मुलगा दुसऱ्या गावात भुकेने. नवरा मास्तर. त्याला अठ्ठ्याहत्तरला 'अभ्यासाला नेतो' म्हणून नेलं. तेव्हा विबोलराव पोटात. एकोणऐंशीच्या जानेवारीत व्हिएतनामचं लष्कर आलं, पोल पोट पळाला, आणि ह्या बाई पोट सांभाळत थायलंडच्या सीमेकडे चालत सुटल्या. रस्त्यात बाळंत झाल्या. पुढे तेरा वर्षं छावणीत. आणि तेवढा काळ युनोत खुर्ची कुणाची? त्या मारणाऱ्यांची आणि त्यांच्या मित्रांची. हे वाचलं तेव्हा मी डिक्शनरी मिटून ठेवली होती. शब्दाचा अर्थ कळून काय करायचं.

त्र्याण्णवला युनोच्या गाडीतून परत आल्या, बोटाला शाई लावून मत दिलं. निवडणुकीनंतर दोन पंतप्रधान बसवले, एका म्यानात दोन तलवारी, त्या चार वर्षांनी भांडल्याच. पण विहीणबाईंचं लक्ष तिकडे नव्हतं. त्यांना जमिनीचा तुकडा मिळाला होता, त्यावर घर उभं केलं, आणि त्या दिवसापासून एक रात्र त्या घराबाहेर झोपल्या नाहीत. तुझ्या लग्नाला सिएम रीपला आल्या त्या संध्याकाळी परत. पुढे त्या मारणाऱ्यांवर खटले उभे राहिले, गावोगावच्या लोकांना कोर्ट दाखवायला बस आली, तर ह्या म्हणाल्या, "मुक्काम आहे का? मग नाही." तेव्हा मला वाटलं होतं, हट्टी म्हातारी. आता कळतंय. ज्यांची हाडं कुठे आहेत ते माहीत नाही, त्यांच्यासाठी त्यांनी स्वतःचा पत्ता कायम ठेवलाय.

आता जे लिहितो ते नीट वाच आणि मग त्यांना सांग.

एकोणीस साली भादव्यात मी आणि तुझी आई तिथे आलो होतो. पहाटे चारला तुम्ही सगळे विहारात निघालात, हातात चिकट भाताचे तिळाचे गोळे, अंधारात विहाराभोवती फिरत गवतात टाकायचे, उपाशी मेलेल्यांसाठी. विहीणबाईंनी एक गोळा माझ्या तळहातावर ठेवला. मी तो परत ताटात ठेवला. लोक बघत होते. तू मला खूप बोललीस, मीही बोललो, तुझी आई दोघांच्या मध्ये उभी राहिली.

माझं त्यावर म्हणणं बदललेलं नाही. आमच्या आजोबांच्या पिंडाला भटजी नदीच्या ह्या काठाला आला नव्हता. पलीकडूनच मंत्र टाकले, कुत्र्याला तुकडा टाकावा तसे. माझ्या बापाने दीक्षा घेतल्यावर पहिलं काम केलं ते तो पंधरवडा घरातून हाकलून दिला. श्राद्ध नाही, पिंड नाही, ही प्रतिज्ञा त्याने मला पाढ्यांच्या आधी शिकवली. आणि ज्या धम्मात हे सगळं सोडायला आलो, त्याच धम्माच्या विहारात, त्याच भादव्यात, त्याच वद्य पक्षात माझी पोरगी पिंड वळत होती. मी ताटातच ठेवणार. उद्याही.

पण मी मानत नाही म्हणून त्यांच्या मानण्यात वाट नसते असं थोडंच आहे? तूच तेव्हा मला सांगितलं होतंस, की त्या पंधरवड्यात मेलेली माणसं आपल्या माणसांना शोधत सात विहार हिंडतात. सात विहारांत कुणी भेटलं नाही तर तळतळतात. विहार हिंडतात, उत्पला. घरं नाही. आणि गावकऱ्यांना नेऊन ठेवलंय ते कुठे? विबोलराव म्हणाले, आतल्या बाजूच्या एका मोठ्या विहारात. मग विहीणबाईंनी आत्ता कुठे असायला हवं? भादवा येतोच आहे. वर्षावास चालू आहे, भिक्खू कुठे हलणार नाहीत, त्यांच्यासाठी भात रांधायला माणूस लागतंच. त्यांना 'पळा' म्हणू नकोस, आणि किती दिवस तेही सांगू नकोस. विहारात चला म्हण. त्यांचं पातेलं त्यांनाच घेऊ दे.

वाचलंस की लगेच जा. रेघा निळ्या झाल्या की मी समजेन तू उठलीस.

बाबा


शुक्रवार, १ ऑगस्ट

चि. उत्पला,

तुझा आवाज. किती वेळा ऐकला ते सांगत नाही, सुरुची चेष्टा करते. "बाबा, झिजेल तो मेसेज."

तू सांगितलंस ते मला डोळ्यांपुढे दिसतंय. विहीणबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेल्या, तू खालून वाचून दाखवतेयस, लांबून धडाम धडाम चाललंय, आणि मधेच थांबवून त्या विचारतात, "हे व्याह्यांनी स्वतः लिहिलंय? तेच ना, भात खाली ठेवणारे?" आणि तू हो म्हटल्यावर हसल्या. मटकीला नाही हसल्या, ह्याला हसल्या. मग आत जाऊन पातेलं घेऊन आल्या आणि ट्रॅक्टरवर मांडीत घेऊन बसल्या, बाकी कशाला हात लावला नाही. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या घरावर गोळा पडला, तुमच्या जिन्याच्या खालच्या पायऱ्या गेल्या. त्याच मध्यरात्री युद्धबंदी. मी अभिजीतला म्हटलं, बघ, एक दिवस. तो माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

आता विहारात त्या सगळ्यांचा भात रांधतात म्हणालीस. रांधू दे. ज्या बाईला चार वर्षं स्वतःची चूल पेटवू दिली नाही, तिला शंभर माणसांची चूल मिळाली. तिला कोण उठवणार तिथून.

त्यांनी मला विचारलेला प्रश्नही तू शेवटी सांगितलास, जरा चाचरतच. "व्याह्यांना इतकं ठाऊक आहे, तर विचार, त्यांची बायको, मालन, त्यांना कुठल्या विहारात शोधते?"

आमच्यात तसं नसतं म्हणून सांग.

इकडे बाकी ठीक. उष्मा फार. शर्कच्या मासळीबाजारात उस्मानची गाडी बंद पडली होती, बर्फ वितळला, तर त्याने सगळं पापलेट शेजारीपाजारी वाटून टाकलं, आमच्याकडे तीन दिवस तेच. उस्मान म्हणजे तुझा उस्मानचाचा, श्रीवर्धनचा, तू लहान असताना तुला खजूर द्यायचा. दाढी पांढरी झाली, बोलणं तसंच तिखट. घरात खोकी फार झालीत, चालताना पायात येतात. अभिजीतने आणलीत कशाला तरी. शुक्रवारचं ग्रंथवाचन चालू आहे, दर वर्षावासाप्रमाणे. चार घरं यायची, आता दोन येतात.

जेवत जा वेळेवर.

बाबा


शुक्रवार, २९ ऑगस्ट

चि. उत्पला,

सुरुचीने तुला सांगितलं तर. कुडाला कान असतात, सुनेला फोन असतो. आणि तू काय पाठवलंस? "लोका सांगे ब्रह्मज्ञान. दुसऱ्याच्या घरची म्हातारी पत्राने उठवलीत, आणि स्वतः खुंटा धरून बसलात."

बरं, मग ऐक.

अभिजीतच्या हॉस्पिटलने ह्या वेळी करार वाढवला नाही. त्याला पुण्यात काम मिळालंय, ऑक्टोबरपासून. सप्टेंबरअखेर फ्लॅट रिकामा करायचा. माझा इकामा, इथे राहायचा परवाना, त्याच्याच नावावर, तेव्हा तो गेला की मीही जायचं, हा कायदा. मी त्यांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी अर्दियाला उस्मानच्या खोलीत राहीन, बघू इकाम्याचं काही. सुरुची म्हणाली, "बाबा, बघू म्हणजे काय? पोलीस बघतील." ह्यावर मी जेवणावरून उठलो. एवढंच झालं, त्याचं तिने रामायण केलं.

मला पुणं नको असं नाही. आपलं गाव, वसमत, नको असंही नाही. तेहेतीस वर्षं सलग इथे काढली, पण ह्या वाळूचा मला काय मोह? माणसाचं कसं, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.

दर शुक्रवारी सकाळी मी फिरायला जातो. तुला वाटत असेल समुद्रावर. समुद्र दोन मिनिटांवर आहे. मी उस्मानच्या गाडीतून सुलैबीखातला जातो, कबरस्तानात. त्याची बिल्कीस तिकडच्या भागात, तुझी आई अलीकडे, परधर्मीयांच्या रांगेत. एकवीस साली विमानं बंद, इथे दहनाची सोय नाही, कोविडचा देह कुणी देशी नेऊ देत नव्हतं. पांढऱ्या पिशवीसारख्या पोशाखातल्या माणसांनी तिला खाली उतरवलं, आम्हाला लांब उभं केलं. तू फोनवर बघत होतीस आणि मधेच चित्र थांबलं. तू नंतर कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही, की चित्र थांबलं तेव्हा मी त्रिसरण म्हणत होतो आणि पुढची ओळ मला आठवली नाही.

मी आत्मा मानत नाही. माणूस मेला की संपला, दिवा विझला की ज्योत कुठे गेली विचारू नये, हे मी चार लोकांना समजावून सांगतो. पण तिथे तिला ओळखीचं कुणीच नाही ग. एका बाजूला कुणी फिलिपीनचा, दुसऱ्या बाजूला पाटीच नाही. तिला हिंदीसुद्धा धड यायचं नाही. सबंध आयुष्य मी भाजी आणायला खाली गेलो तरी गॅलरीत उभी राहायची.

परवा उस्मानने मला तिथेच पकडलं. मी रांगेतली वाळू हाताने सारखी करत होतो.

"दिनकरभाव, एक विचारू? रागवू नका."

"विचार."

"तुमी बोलता मेल्यावर काय नसतं."

"नसतंच."

"मग दर जुम्याला माजं पेट्रोल जाळून कोणाला भेटायला येता?"

मी म्हटलं, तुझी सोबत म्हणून येतो. तो म्हणाला, "माजी सोबत गाडीतच संपते," आणि बिल्कीसच्या बाजूला चालता झाला. जाता जाता पाठमोराच म्हणाला, "इथल्या लोकांची पण भावंडं नव्वद साली हरवलीत. तीस-तीस वर्षांनी हाडं आली इराकच्या वाळूतून. तवर एकेक आई फोनचा नंबर बदलत नव्हती."

आता कळलं तुला, मला विहीणबाईंचं इतकं नेमकं कसं कळलं ते? पुस्तकातून नाही कळलं. मीच वरच्या पायरीवर बसलोय.

त्यांना सांगू नकोस. किंवा सांग. तुझ्या मनाला येईल ते कर.

बाबा


शुक्रवार, १९ सप्टेंबर

चि. उत्पला,

तू सांगितलंस. मला वाटलंच.

आणि त्या बाईंनी निरोप काय पाठवावा? "मी उतरले. आता व्याह्यांची पाळी." आणि पुढे, "त्यांच्या बायकोचं पूर्ण नाव पाठवायला सांग. ह्या पंधरवड्यात भिक्खू इथे मेलेल्यांची नावं वाचतात. कुवेतमध्ये विहार नाही म्हणतेस, मग ती बिचारी हिंडणार कुठे? तिचं नाव इथे वाचू. भाताला हात लावू नका म्हणावं. भात मी टाकेन. त्यांनी नुसतं नाव द्यायचं."

चार दिवस मी ह्यावर विचार केला. अभिजीतला विचारलं, तो म्हणाला, "बाबा, नाव द्यायला काय हरकत?" सुरुची म्हणाली, "आपणही पुण्यानुमोदनाला नाव घेतोच की." प्रतिज्ञा मी मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितली. श्राद्ध नाही, पिंड नाही. नाव घेऊ नये असं त्यात कुठेच नाही. मग एका कागदावर लिहिलं, मालन दिनकर नरवाडे, माहेरची मालन ग्यानोबा सोनकांबळे, मुक्काम वसमत. लिहिताना बऱ्याच दिवसांनी तिच्या माहेरचं नाव हाताखालून गेलं.

काल तू ते रेकॉर्डिंग पाठवलंस. मागे ढोल, पोरांचा गलका, कुणीतरी खोकतंय. मग तो म्हातारा भिक्खू एका सुरात नावं घेतोय, मला एकही कळत नाही, सोक, चान, सोक, आणि मधेच, वेगळ्याच हेलात, 'मालन'. लगेच पुढचं नाव. तुमच्या त्या सामरोंगकडच्या हजारभर मेलेल्यांत माझी मालन बसली, रांगेत, सगळ्यांसारखी. कुणी तिला पलीकडच्या काठाला उभं केलं नाही.

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. थोडा वेळ.

मग आठवलं, की एकोणीस साली त्या बाईंनी माझ्या हातावर भात ठेवला तो कुणाच्या नावाचा, हे मी विचारलंच नव्हतं. म्हणून तुला विचारायला लावलं, आणि तू पाठवलीस. नवरा सोफाल. मुलगी बोफा. मुलगा रिथी. बोफा म्हणजे फूल, असं तू खाली लिहिलंस. आज आमच्या वाचनाला, हे ह्या घरातलं शेवटचं वाचन, मी तिन्ही नावं घेतली. सुरुचीने तीन मेणबत्त्या लावल्या. नेहमीच्या दोन घरांतले लोक आले होते, त्यांनी विचारलं, कोण ही? मी म्हटलं, माझ्या व्याह्यांकडची. मास्तर होते ते. मग त्रिसरण म्हटलं. ह्या वेळी पुढची ओळ आठवली.

सकाळी सुलैबीखातला जाऊन आलो. उस्मानला म्हटलं, मी जातोय. तो म्हणाला, "कदी?" मी म्हटलं, उद्या. तो गाडीला टेकून दाढी खाजवत राहिला. "वाळूचं काय करू? मी करीन सारखी. बिल्कीसकडून परतताना भाभीला सलाम मारून जाईन. मराठीत बोलीन, माजी कोकणी तिला समजायची नाय." मी म्हटलं, तिला तुझं तिखट समजायचं.

आता मुद्द्याचं. अभिजीत-सुरुची महिनाअखेर पुण्याला जातील. मी त्यांच्याआधी निघतोय, पण पुण्याला नाही. अभिजीतने तिकीट काढलंय, कुवेतहून बँकॉक, तिथून सिएम रीप. दोन्ही देशांची जमिनीवरची फाटकं बंद आहेत, मध्ये काटेरी तार लावतायत म्हणतात, पण वरून विमान जातं. विबोलरावांना म्हणावं विमानतळावर या, मला रिक्षावाल्याशी काय बोलायचं ते समजणार नाही. मालिसलाही आणा. तिला माझं इंग्रजी चालत नाही आणि मला तिचं, पण आम्ही दोघं मिळून काहीतरी बोलू.

अमावास्येच्या पहाटे मी तुमच्याबरोबर विहारात येईन. चार वाजता उठवा. अंधारात तुम्ही भात टाकाल तेव्हा मी बाजूला उभा राहीन, हात मागे बांधून, आणि भिक्खू नावं घेतील ती ऐकीन. मालनचं आलं की तू मला खूण कर, माझे कान आता पूर्वीसारखे राहिले नाहीत.

आणि विहीणबाईंना माझा एक निरोप सांग. रुसून बसलेला व्याही येतोय, तेव्हा मानपान आलाच. गोळा वळू नका म्हणावं. पातेल्यात भात उरतोच. ताटात वाढा. मी खाईन.

तुझा,
बाबा